केप्रो टू, सीपी/एम २.२: ९६०० बॉडला अक्षरं गळतात, सिरियल ड्रायव्हर बदलायचाय

सॅनहोजेकर

नमस्कार मंडळी. इथल्या एका इस्टेट सेलमध्ये केप्रो टू हाती लागलाय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: १९८२ चं यंत्र, सॅन दिएगोजवळच्या सोलाना बीचला अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनिअर सिस्टिम्स कंपनीने काढलेलं. झेड८० प्रोसेसर २.५ मेगाहर्ट्झवर, ६४ के मेमरी, प्रत्येकी १९१ के च्या दोन फ्लॉपी, ९ इंची हिरवी स्क्रीन आणि हे सगळं पत्र्याच्या पेटीत. ‘पोर्टेबल’ म्हणून विकायचे. वजन १२ किलोच्या आसपास, तेव्हा ज्याने त्याने आपल्या कमरेला विचारून उचलावं.

फ्लॉपी अजून वाचतात, सीपी/एम (त्या काळची ऑपरेटिंग सिस्टिम) झटक्यात चालू होतं. अडलंय ते सिरियल पोर्टवर. मागे लिनक्सचा लॅपटॉप जोडून केप्रो टर्मिनल म्हणून वापरायचाय. छोटा प्रोग्रॅम लिहिला: पोर्टवर अक्षर आलंय का बघ, आलं असेल तर स्क्रीनवर टाक, कीबोर्ड बघ, पुन्हा पहिल्यापासून. १२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला १२०० बिटांना, उत्तम चालतो. २४०० ला क्वचित एखादं अक्षर जातं. ९६०० ला मात्र ओळीची पहिली दोन-तीन अक्षरं येतात, मग डझनभर गायब, मग उरलेली ओळ व्यवस्थित. स्क्रीन साफ करून सुरुवात केली तर पहिल्या २४ ओळी शहाण्यासारख्या येतात. पुढे वाट लागते.

मूळ ड्रायव्हर बराचसा रॉममध्ये आहे. इंटरप्टवर (अक्षर आलं की चिपच प्रोसेसरला हाक मारते) चालणारा स्वतःचा लिहावा असं मनात आहे. प्रश्न दोन: हा रस्ता बरोबर आहे का, आणि लिहिलाच तर ठेवायचा कुठे? झेड८० असेंब्ली येते, पण सीपी/एमच्या पोटात कधी हात घातलेला नाही.

मुग्धा_म

केबल बदलून पाहिली का? यूएसबी-सिरियलच्या स्वस्त तारा फार छळतात. स्टॉप बिट दोन्हीकडे एकच आहे ना?

नाना औंधकर

मुग्धाताई, केबल बिघडली असती तर तिने पंचविसाव्या ओळीपर्यंत वाट पाहिली नसती. त्या २४ ओळींतच सगळं उत्तर आहे.

केप्रो टू मध्ये स्क्रीन वर सरकवायला वेगळं हार्डवेअर नाही. तळाच्या ओळीवर लाइन फीड आला की प्रोसेसर स्वतः २३ ओळी उचलून एकेक घर वर ठेवतो, एलडीआयआर सूचनेने. एलडीआयआरला एका बाइटला २१ टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, लागतात. दिसणारी ८० अक्षरंच धरली तरी २३ गुणिले ८०, म्हणजे १८४० बाइट, ३८,६४० टी-स्टेट. २.५ मेगाहर्ट्झला झाले १५.५ मिलिसेकंद, आणि हे कमीत कमी.

९६०० बॉडला एक अक्षर १.०४ मिलिसेकंदात येतं. म्हणजे एका स्क्रोलमध्ये १५ अक्षरं दारात येऊन उभी. सिरियल पोर्ट सांभाळणाऱ्या झेड८० एसआयओ चिपमधली रांग तीन बाइटची. तिसरं घर भरलेलं असताना नवीन आलं की ते शेवटच्या घरातल्याच्या उरावर बसतं. म्हणून पहिली दोन वाचतात, मधली डझनभर मरतात आणि अगदी शेवटचं एक जिवंत सापडतं. तुम्ही लिहिलंय तेच.

आता २४०० चं पाहा. अक्षर ४.१७ मिलिसेकंदाला, म्हणजे स्क्रोलमध्ये पावणेचार अक्षरं. तीन रांगेत, चौथं अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये, बिट बिट गोळा होतंय. अगदी काठावर. १२०० ला दोनसुद्धा येत नाहीत.

माझ्या शब्दावर जाऊ नका. एसआयओच्या आरआर१ रजिस्टरचा पाचवा बिट (शून्यापासून मोजून) ओव्हररनचा, म्हणजे अक्षर गळल्याचा. एरर रिसेट दिल्याशिवाय तो पुसला जात नाही. प्रत्येक स्क्रोलनंतर तो वाचा.

कोदंड

नाना _/\_

पण मग १२०० वरच का राहू नये? त्या काळी मोडेम ३०० आणि १२०० चेच होते. यंत्राचा वेग यंत्राला शोभेल असा ठेवावा, असं आपलं माझं मत.

सॅनहोजेकर

नाना, बिट पाहिला. स्क्रोल झाला की उभा, नाही झाला की आडवा. केबलची निर्दोष मुक्तता.

कोदंड, पूर्ण स्क्रीन म्हणजे १९२० अक्षरं. १२०० ला ती भरायला १६ सेकंद, ९६०० ला २. एडिटरमध्ये पान उलटताना दर वेळी १६ सेकंद बसून बघा, काळाशी इमान वगैरे लगेच विसराल.

झेड-ऐंशी

पणजीहून. माझ्याकडे केप्रो नाही, आरसी२०१४ चं किट आहे, ७.३७२८ मेगाहर्ट्झचं, त्यावर हेच सीपी/एम २.२. पण एसआयओ तीच, म्हणून लिहितोय.

इंटरप्टचाच रस्ता बरोबर. एलडीआयआर दोन बाइटांच्या मध्ये इंटरप्ट घेऊ देते, त्यामुळे स्क्रोल चालू असतानाही तुमचं रुटीन अक्षर उचलून बफरमध्ये टाकेल. स्क्रोलला पत्ताही लागणार नाही.

तुमचे पोर्ट: ०४ चॅनेल ए चा डेटा, ०६ त्याचा कंट्रोल. ०५ आणि ०७ चॅनेल बी चे, त्यावर केप्रोचा कीबोर्ड बसलाय ३०० बॉडने. इथेच मेख आहे. इंटरप्टचा व्हेक्टर (रुटीनचा पत्ता कुठे सापडेल ते सांगणारा आकडा) डब्ल्यूआर२ या रजिस्टरमध्ये लिहायचा आणि ते रजिस्टर फक्त चॅनेल बी ला असतं. म्हणजे सिरियल पोर्टचं काम करायला कीबोर्डच्या घरात शिरावं लागतं. तिथे डब्ल्यूआर२ आणि डब्ल्यूआर१ मधला ‘स्टेटस अफेक्ट्स व्हेक्टर’ हा बिट एवढंच लिहा, बाकी कशाला हात लावू नका, नाहीतर कीबोर्ड मुका होईल.

तो बिट लावला की चॅनेल ए ला अक्षर आलं तर मूळ व्हेक्टर अधिक ०सी ला उडी बसते आणि ओव्हररनसारखी भानगड झाली तर अधिक ०ई ला. दोन्ही घरं भरा. दुसऱ्या घरातल्या रुटीनने डेटा वाचून ३० हेक्स (सोळाच्या पायातला आकडा), म्हणजे एरर रिसेट, पाठवायचाच.

चॅनेल ए साठी: डब्ल्यूआर४ ला ४४, डब्ल्यूआर३ ला सी१, डब्ल्यूआर५ ला ईए, डब्ल्यूआर१ ला १८. सगळे हेक्स. आरटीएस (समोरच्याला ‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगणारी तार) खाली करायचा तर डब्ल्यूआर५ ला ई८.

बफर २५६ बाइटचा आणि पानाच्या (मेमरीतल्या २५६ बाइटच्या गठ्ठ्याच्या) सुरुवातीला ठेवा. मग पॉइंटरचा फक्त खालचा बाइट वाढवायचा, २५५ नंतर आपोआप शून्य. वेगळी तपासणी नको.

नाना औंधकर

झेड-ऐंशींनी नेमकं सांगितलंय. त्यात चार गोष्टी जोडतो, कारण यातली प्रत्येक गोष्ट माणसाची रात्र खाते.

रुटीनच्या शेवटी आरईटीआयच हवं, साधं आरईटी नाही. एसआयओ चिप बसवर ईडी ४डी हे दोन बाइट स्वतः वाचत असते. ते दिसले की तिला कळतं, माझी हाक ऐकून झाली. साधं आरईटी दिलं तर पहिलं अक्षर येतं आणि मग चिडीचूप. त्याच्या आधी ईआय, म्हणजे इंटरप्ट पुन्हा चालू. ईआयनंतरची एक सूचना पूर्ण झाल्याशिवाय झेड८० नवा इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे स्टॅक चढत जायची भीती नको.

एसआयओचं रजिस्टर लिहिणं दोन पायऱ्यांचं: आधी नंबर, मग किंमत. या दोन्हींच्या मध्ये तुमचं इंटरप्ट रुटीन घुसून त्यानेही डब्ल्यूआर५ लिहिलं तर किंमत भलत्याच घरात जाते. मुख्य प्रोग्रॅममध्ये अशी जोडी आली की आधी डीआय (इंटरप्ट बंद), जोडी संपली की ईआय.

स्टॅक. सीपी/एमचा सीसीपी (आज्ञा वाचणारा भाग) प्रोग्रॅमला आठ पातळ्यांचा स्टॅक देतो, त्यातली एक परतीच्या पत्त्यात जाते. सातच उरल्या. इंटरप्ट रुटीनने पीसी, एएफ आणि एचएल ठेवले की तीन खलास. टर्मिनल प्रोग्रॅमचा स्वतःचा ऐसपैस स्टॅक करा आणि तो ४००० हेक्सच्या वर ठेवा. केप्रोमध्ये रॉम आणि स्क्रीनची मेमरी पुढे आली की खालची १६ के रॅम दिसेनाशी होते. तुमचं रुटीन, व्हेक्टरचं टेबल, बफर, स्टॅक, सगळं वरच्या मजल्यावर असलं की बँक कुठली का असेना.

चौथी फ्लॉपीची. ती पुढे लिहितो, आधी ड्रायव्हर ठेवायचा कुठे ते. त्यासाठी बायोसच्या उड्या वळवाव्या लागतील.

वाटसरू

यातलं निम्मं डोक्यावरून गेलं तरी शेवटपर्यंत वाचलं. बायोस म्हणजे आपल्या पीसीतला तोच बायोस का?

कोदंड

नाव तिथूनच आलंय. गॅरी किल्डॉल मॉन्टेरीच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवत होते. १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम लिहिलं. पुढे आयएमएसएआय कंपनीच्या यंत्रावर ते चढवायची वेळ आली तेव्हा हार्डवेअरशी बोलणारा भाग त्यांनी वेगळा काढला. तो बायोस. वरचा बीडॉस (फाइलींचं काम बघणारा भाग) सगळीकडे सारखा, खालचा बायोस ज्याचा त्याने लिहायचा. शेकडो वेगवेगळ्या यंत्रांवर वर्डस्टार हा एकच लेखनाचा प्रोग्रॅम चालला तो या एका निर्णयामुळे.

अवांतर: २०२२ मध्ये हक्कदारांच्या वतीने ब्रायन स्पार्क्स यांनी सीपी/एमच्या वापराची आणि वाटपाची परवानगी स्पष्ट केली. तेव्हा सॅनहोजेकर, बिनधास्त उलगडा.

नाना औंधकर

हं. आता जागा.

बायोसच्या सुरुवातीला १७ उड्यांचं टेबल असतं आणि ते रॅममध्ये असतं. म्हणजे रॉमला हात न लावता उडीचा पत्ता बदलता येतो. पत्ता ०००१ वर जो शब्द आहे तो वॉर्म बूटच्या (प्रोग्रॅम संपल्यावर सीपी/एम पुन्हा उभं करण्याच्या) उडीचा, त्यातून ३ वजा केले की टेबलाची सुरुवात. तिथून १५ हेक्सवर रीडर, सिरियल पोर्टवरून अक्षर आणणारी उडी. तो आपल्याकडे वळवायचा. वॉर्म बूटचा पत्ता ३ वर, डिस्क रीड २७ वर, डिस्क राइट २ए वर. हे तीनही लागणार आहेत.

कोड सीसीपीच्या खाली बसवा आणि ०००६ वरचा शब्द त्याच्या तोंडाकडे वळवा. वापरायला मोकळी मेमरी कुठपर्यंत आहे हे प्रोग्रॅम तिथेच बघतात, त्यामुळे तुमच्या अंगावर कोणी येणार नाही. तोंडाशी मूळ बीडॉसकडे जाणारी उडी हवीच. पत्त्याचा शेवट ०६ ठेवा, मूळ बीडॉसचा तसाच असतो आणि काही प्रोग्रॅमना तीच सवय आहे.

आता वॉर्म बूट. मूळचा चालू दिला तर तो सीसीपी आणि बीडॉस पुन्हा डिस्कवरून आणतो, ०००६ जुनाच लिहितो आणि तुम्ही बेघर. पण तुम्ही सीसीपीच्या खाली बसलात म्हणजे सीसीपीही आपोआप सुरक्षित आहे, तो पुन्हा आणायची गरजच नाही. तुमच्या वॉर्म बूटने डीएमएचा पत्ता (डिस्कचा डेटा जिथे उतरतो तो) ८० हेक्सला परत न्यावा, ०००४ वरची ड्राइव्ह सी रजिस्टरमध्ये घ्यावी आणि सीसीपी अधिक ३ वर उडी मारावी. सीपी/एम काढणाऱ्या डिजिटल रिसर्चचा स्वतःचा एक्ससब हा प्रोग्रॅम असाच खाली दबा धरून बसतो. तोटा एवढाच की सीसीपीचे २ के आणि तुमचं एक-दोन पान प्रोग्रॅमच्या वाट्यातून जातात.

सॅनहोजेकर

नाना, हे सगळं छापून भिंतीवर लावतो.

एक शंका. रीडर बोलावला आणि अक्षर आलेलं नसेल तर तो तिथेच बसून राहणार. माझ्या प्रोग्रॅमला मध्ये कीबोर्डही बघायचाय. ‘अक्षर आहे का’ हे विचारायची उडी टेबलात कन्सोलसाठी आहे, प्रिंटरसाठी आहे, रीडरसाठी सापडत नाही.

नाना औंधकर

नाहीच आहे ती. रीडर म्हणजे त्यांच्या मनात कागदी फितीचं यंत्र होतं. फीत घातली की पुढचं अक्षर येणारच, विचारायचं काय! पलीकडे स्वतःच्या मर्जीने बोलणारा माणूस किंवा संगणक असेल हे धरलेलं नव्हतं. सीपी/एम ३ मध्ये ऑक्झिलरी इनपुट स्टेटसची उडी आली. २.२ च्या काळातले मोडेम प्रोग्रॅम म्हणून बायोसला वळसा घालून थेट पोर्टवर जात आणि प्रत्येक यंत्रासाठी वेगळे जुळवावे लागत. दुसरी युक्ती म्हणजे ०००३ वरचा आयओबाइट क्षणभर बदलून सिरियल पोर्टलाच कन्सोल म्हणायचं, कन्सोलचं स्टेटस विचारायचं आणि परत फिरवायचं. चालते, पण मला ती कधी आवडली नाही. मध्येच काही बिनसलं तर कीबोर्ड दुसऱ्याच्या ताब्यात.

तुमच्या कोडच्या तोंडाशी बीडॉसची उडी आहे ना, तिला लागूनच दुसरी उडी ठेवा स्टेटससाठी. प्रोग्रॅमने ०००६ चा शब्द घ्यायचा, ३ मिळवायचे, बोलवायचं.

झेड-ऐंशी

आणि स्टेटस म्हणजे फक्त भरणाऱ्या पॉइंटरमधून उपसणाऱ्याची वजाबाकी. दोन्ही एकेक बाइटचे, एक फक्त इंटरप्ट लिहितो, दुसरा फक्त प्रोग्रॅम, त्यामुळे डीआयची गरज नाही. वेगळा मोजणीचा आकडा ठेवायच्या भानगडीत पडू नका.

मुग्धा_म

मला एक सांगा, ज्यांना फक्त फाइली पाठवायच्यात त्यांनाही हे सगळं करावं लागेल का? माझ्या मामांकडे सीपी/एमचं एक यंत्र आहे, त्यातून जुनी पत्रं काढायची आहेत.

झेड-ऐंशी

मुळीच नाही ताई. एक्समोडेम वापरा. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये सीपी/एमसाठीच केला. १२८ बाइटचा तुकडा पाठवतो, पोच मिळेपर्यंत थांबतो, चुकला तर तोच तुकडा परत. समोरचा थांबतोच, त्यामुळे बफर नसला तरी बिघडत नाही. पिपने (सीपी/एमच्या फाइल नकलायच्या प्रोग्रॅमने) थेट पाठवायला जाऊ नका. त्याला १ए हेक्स दिसला की फाइल संपली असं वाटतं. साध्या मजकुराला ठीक, बाकी फाइल मध्येच तुटते.

सॅनहोजेकर

ड्रायव्हर चढला! ९६०० ला लांब ओळींचा मजकूर एक अक्षर न गळता येतोय. कीबोर्डही शाबूत. रुटीन साधारण २०० टी-स्टेटचं झालंय, अक्षरामागे २६०४ मिळतात, म्हणजे प्रोसेसरचा आठ टक्के वेळ.

पण लॅपटॉपवर फाइलींची यादी मागितली, एका ओळीत एक नाव, की पहिल्या तीसेक ओळी छान आणि मग पुन्हा गळती. बफर ५१२ चा करू का?

नाना औंधकर

१०२४ चा केलात तरी तेच, फक्त उशिरा. पाच अक्षरांचं नाव आणि ओळ संपवणारी दोन, अशी सात अक्षरं ७.३ मिलिसेकंदात येतात. ती दाखवून स्क्रोल करायला तुम्हाला किमान १५.५ लागतात. तेवढ्यात १५ येतात, ७ खर्च होतात, दर ओळीला आठाची बाकी. २५६ ला आठाने भागा: ३२ ओळी. तुमचं ‘तीसेक’ इथून आलं. बफर म्हणजे उसनवारी. लांब ओळींत ती फिटते, कारण ८० अक्षरं यायला ८३ मिलिसेकंद लागतात. आखूड ओळींत फिटत नाही.

समोरच्याला थांबवायलाच हवं. बफरमध्ये १९२ झाले की आरटीएस खाली, ६४ वर आले की वर. लॅपटॉपवर एसटीटीवाय आज्ञेने सीआरटीएससीटीएस, म्हणजे आरटीएस-सीटीएस तारांचा हँडशेक, लावा. आरटीएस केबलमधून पलीकडच्या सीटीएसपर्यंत खरंच पोचतो का ते मल्टीमीटरने बघा, तीन तारांच्या केबलमध्ये तो नसतोच. वर ६४ घरं रिकामी ठेवायची कारण यूएसबीचे अडॅप्टर ‘थांब’ म्हटल्यावरही पोटातले काही बाइट ओकतात.

आणि आता ती राहिलेली चौथी गोष्ट. केप्रोची फ्लॉपी दुप्पट घनतेची, दर ३२ मायक्रोसेकंदाला एक बाइट, म्हणजे ८० टी-स्टेट. तेवढ्यात स्टेटस तपासत बसायला वेळ नाही. म्हणून रॉम हॉल्ट करून झोपतो, कंट्रोलर एनएमआयने (डीआयलाही न जुमानणाऱ्या इंटरप्टने) उठवतो, बाइट उचलला की परत झोप. त्या झोपेत तुमचा इंटरप्ट आला तर हॉल्ट त्यानेही मोडतो आणि रॉम बाइट आलाच आहे असं समजून कचरा उचलतो. वाचताना हे झालं तर ठीक, सीआरसी (चूक पकडणारा ताळा) बोंबलेल. लिहिताना झालं तर फ्लॉपीवर कायमचं. म्हणून डिस्क रीड आणि राइटच्या उड्यांभोवती: आरटीएस खाली, उरलेले बाइट यायला दोन-चार मिलिसेकंद, डीआय, मूळ रुटीन, ईआय, आरटीएस वर.

कोदंड

म्हणजे शेवटी हँडशेक लागलाच. मग इंटरप्ट कशाला? नुसता आरटीएस ठेवायचा, स्क्रोलआधी खाली, नंतर वर.

नाना औंधकर

रास्त प्रश्न. तसंही चालेल, पण अडॅप्टरने ओकलेले बाइट झेलायला तीनच घरं आहेत. शिवाय स्क्रोल रॉममध्ये होतो, तो कधी होणार हे टर्मिनल प्रोग्रॅमला कर्सरची ओळ मोजत बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते दोन्ही हवेत: स्क्रोलसाठी इंटरप्ट, फ्लॉपी आणि आखूड ओळींसाठी आरटीएस.

सॅनहोजेकर

केबलमध्ये आरटीएसची तारच नव्हती. नवी ओढली. आता यादी कितीही लांब असो, गळत नाही. टर्मिनल चालू ठेवून आलेला मजकूर फ्लॉपीवर लिहून पाहिला, ओव्हररनचा बिट एकदाही उठला नाही.

मुग्धाताई, केबलचा तुमचा संशय अगदीच वाया गेला नाही :)

कोड नीट टिपांसह लिहून इथेच चढवतो. तोवर एक प्रश्न: पोर्ट ०० वर ०ई ऐवजी ०एफ लिहिला की १९२०० मिळतो. जाऊ का?

झेड-ऐंशी

अक्षरामागे १३०२ टी-स्टेट उरतील, रुटीनला पुरेसे. स्क्रीनला पुरणार नाहीत.

सॅनहोजेकर

लिहून बघितला. गळत काही नाही, पण यादी सोडली की आरटीएस बहुतेक वेळ खालीच आणि स्क्रीन आहे त्याच वेगाने भरतेय. परत ०ई.